घोडदरी आणि सहा रोडगे

२ जानेवारी
संकल्प. सासूबाईंना घोडदरीची चढण चढवून वरच्या बंद मँगनीज खाणीपर्यंत न्यायचं. त्यांचे वडील तिथे मजूर होते, तिथल्याच चाळीत सासूबाई जन्मल्या. आता वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरतात. ती खोली एकदा डोळ्यांनी पाहायची, एवढंच मागतात. दोन्ही मेहुण्यांनी टाळलं. मी आहे ना! रविवार, १८ तारीख पक्की.

५ जानेवारी
पहाटे साडेपाचला चालायला जाणार होतो. नऊ डिग्री. अशा थंडीत स्नायूंवर ताण देऊ नये. ट्रेकिंगचे नवे बूट घालून दोन तास सोफ्यावर बसलो. पायांना सवय हवी.

९ जानेवारी
ऑफिसचे तिन्ही मजले जिन्याने चढणार होतो. खालीच ऑफिसातला मधुसूदन भेटला. बोलता बोलता त्याच्यासोबत लिफ्टमध्ये शिरलो, उगाच तुटक वाटायला नको. वंदना म्हणाली, तुमच्यानं दरी चढणं होते का, घरचा जिना चढून दम लागते तुम्हाले. बायकोने तरी निगेटिव्ह बोलू नये.

१७ जानेवारी
सासूबाई काटोलहून एसटीने आल्या. सोबत गोवऱ्यांची थैली. जावयाला उपाशी कसं चढवायचं म्हणून पायथ्याशी रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजणार. चांगलंच आहे, ट्रेकरला एनर्जी लागते.

१८ जानेवारी, सकाळी १०.४०
पायथा. आम्ही तिघं. गोवऱ्यांत भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी. ताट आधी जावयाचं. मी नको म्हटलं की सासूबाईंचं, काहीच नाही खाल्लं जवाईबापू, आणि वर तुपाची धार. सहा झाले. मान ठेवावा लागतो.

१२.१५
चढण फार उभी आहे. शंभरेक पावलांवर दगडावर बसलो. लीडरने मागे राहून सगळ्यांवर लक्ष ठेवायचं असतं. पण सासूबाई पुढे जायला तयार नाहीत. जवाई बसला अन् मी कशी जाऊ, म्हणतात. उभ्याच आहेत.

१.४०
तोच दगड. डोळा लागला होता. सासूबाई पदराने मला वारा घालत होत्या. एकदा वर बघतात, एकदा माझ्याकडे. एक गुराखी सांगून गेला, चार वाजले का अंधारते इथं, अस्वलं फिरतेत. वंदनाने नुसतं घड्याळ माझ्यापुढे धरलं. ते जास्त लागलं.

१.५५
म्हणालो, आई, माझ्यानं होत नाही. तुम्ही जा.
फार लाज वाटली. पण वाक्य पुरं होईस्तोवर सासूबाई वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या होत्या. वंदना मागे धावली.

४.१०
आल्या. छप्पर गेलं म्हणाल्या, पण मायची चूल जाग्यावर आहे. मग रडल्या. मलाही भरून आलं.

२० जानेवारी
सासूबाई काटोलभर सांगत सुटल्या आहेत, जवाईबापूनं मले माह्या मायची चूल दाखवली. खरं काय ते सांगायला हवं. उद्या सांगेन.
ऑफिसात मधुसूदनने विचारलं, कशी आहे खाण?
म्हणालो, थांब, बायकोला विचारून सांगतो.