जपानात रस्ता विचारण्याची तयारी

४ मार्च १९४३
वही सुरू. तिसरीपर्यंत शिकले, तेवढं पुरे. माझा वाहरू सिंगापूरला पलटणीत मोटार चालवायचा. सिंगापूर पडलं त्याला वर्ष झालं. सरकारी कागदात लिहिलंय, बेपत्ता. आज खांडबाऱ्याहून व्याही आले. म्हणे, सुपडी एकवीस वर्षांची आहे, नवापूरचा एक बिजवर तयार आहे, पाट लावून देऊ. सासूने हो म्हटल्याशिवाय लागत नाही म्हणून आले, नाहीतर कशाला येतात. मी म्हटलं, पाट विधवेचा लागतो, माझा लेक जिता आहे. पाणी दिलं आणि वाटेला लावलं.
मी स्वतः जाऊन वाहरूला आणणार. लढाई संपली की पहिली बोट.

९ मार्च
सुगनचंदशेठ जपानात, कोबे गावी, बारा वर्षं कापड विकून आले. त्यांच्या दुकानात गेले. म्हटलं, मला जपानी शिकवा, रस्ता विचारण्यापुरतं. म्हणाले, काकी, लेक सिंगापुरात आणि तुम्ही जपानला? मी म्हटलं, पकडला कुणी? जपान्यांनी. मग नेला कुठे असेल, मारवाडला? हसले. शिकवतो म्हणाले.

१० मार्च, सकाळी
सुमिमासेन, म्हणजे अहो जरा ऐका. एकी वा दोको देस्का, म्हणजे स्टेशन कुठे आहे. सोपी भाषा. लोक उगीच घाबरतात. दोन महिन्यांत पक्की होईन.

२ एप्रिल
मिरची कांडताना पाठ करते. मिगी उजवीकडे, हिदारी डावीकडे. की उलट. शेठना म्हटलं, एकच ठेवा. म्हणाले, रस्त्याला दोन बाजू असतात काकी. चिडका माणूस.
सुपडीने विचारलं, "आत्या, त्यास्नी सांगं तर तुम्हले समजी का?" मी म्हटलं, रस्ता सांगणारा हात करतोच, हाताला कुठली भाषा! अडाणी आहे.

१९ एप्रिल
सवय व्हावी म्हणून स्टेशनात जाऊन तिकीटबाबूला जपानीत विचारलं. त्याने शिपाई बोलावला. दुश्मनाची भाषा बोलते म्हणून दुपारभर चौकीत बसवलं. फौजदार म्हणाला, बाई, स्टेशनात उभी राहून स्टेशन कुठे विचारतेस? मी म्हटलं, उत्तर बरोबर येतं का ते बघायला नको? शेठचं नाव सांगितलं नाही. तरी संध्याकाळी त्यांचा निरोप, दुकानात येऊ नका. भित्रा. राहिलेलं तिकडेच शिकेन.

११ जून १९४४
व्याही पुन्हा. नवापूरवाला आता थांबत नाही, म्हणे, शेवटचं विचारतो. मी नाही म्हटलं. तावातावाने म्हणाले, लेक माझी आणि हट्ट तुमचा. सुपडी दाराआड ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिच्या बांगड्या उतरल्या की वाहरू मेला असं होतं. उतरू देणार नाही.
जपानीतलं थोडं विसरले आहे. वेळेवर आठवेल.

२८ ऑक्टोबर १९४५
लढाई संपली. सारंगखेड्याचा इद्रिस कैदेतून सुटून आला. वाहरूच्याच पलटणीतला. बैलगाडी करून सुपडीला घेऊन गेले. वाळून काठी झालाय. मी जपानीतच विचारलं, वाहरू दोको? दाखवायचं होतं, की आईने तयारी केली आहे. त्याने भिंत धरली. म्हणाला, मावशी, ही बोली माझ्यासमोर नको.
मग आपल्या भाषेत सांगितलं. बेचाळीसच्या पावसाळ्यात ताप आला, नवव्या दिवशी गेला. सिंगापूरच्याच छावणीत. माती इद्रिसने दिली. जपान वाहरूने बघितलंच नाही.
बेचाळीस. मी पहिलं वाक्य शिकले तेव्हा तो जाऊन सहा-सात महिने झाले होते.


३ नोव्हेंबर
व्याह्यांना पत्र टाकलं. सुपडीला न्या, मी हो म्हणते.

१७ नोव्हेंबर
उत्तर आलं. नवापूरवाल्याने गेल्या वर्षीच दुसरी केली, तिला मुलगा झाला. घरात भावजया सुपडीला घ्यायला तयार नाहीत. तुम्हीच ठेवून घेतली, तुम्हीच ठेवा.
सुपडी म्हणाली, वाचून दाखवा. तिला अक्षर येत नाही, दोन ओळी गाळल्या असत्या तर कळलं नसतं. सगळं वाचलं. ती "बरं" म्हणाली आणि मिरच्या उन्हातून आत घ्यायला गेली.