अर्ध्या पत्राचा निकाल

सांगली,
८ सप्टेंबर २०२५, क्षमावाणी

प्रिय राहीआक्का,

माझा जय जिनेंद्र आणि तुझ्या सवयीचा रामराम, दोन्ही घे.

तुझा गुडघा कसा आहे? शिवतेजच्या शिरवळच्या घराला जिना फार उभा, असं ऐकलं. दाजींसह लेकाच्या संसारात रमलीस म्हणे. रम, पण जपून चढ-उतर कर. इकडे पर्वाचे उपवास नीट पार पडले. माझं वजन तेवढं तसूभर हललं नाही.

खटल्याबद्दल अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण तुझ्यापाशी माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुला ठाऊक आहे.

हळदीच्या दुकानात भागीदारी पुरुषांची, आणि तुटलो मात्र आपण दोघी. मार्केट यार्डातला गाळा दाजींनी आणि ह्यांनी मिळून घेतलेला. दाजी तेव्हा पलटणीत, म्हणून कागदावर ह्यांचं एकट्याचं नाव. भागीदारी मोडली तसे हे म्हणाले, गाळा माझाच. दाजी कोर्टात गेले, तिथंही ह्यांनी तेच लिहून दिलं.

मग गेल्या क्षमावाणीला ह्यांचं मन खायला उठलं. बाकी सगळ्यांना मोबाइलवरून ‘उत्तम क्षमा’ धाडली, दाजींना मात्र स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘आकाराम, गाळा दोघांचा आहे. कागदाचा फायदा घेऊन मी खोटं बोललो. मला क्षमा कर.’

आणि दाजींनी ते पत्र वकिलाकडे दिलं! आक्का, खरं सांगते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. क्षमेचं पत्र कुणी कोर्टात नेतं का?

आमचे वकील मात्र निवांत. “काका, सोपं आहे. सांगा, ही आमच्या धर्माची रीत. दरवर्षी सगळ्यांचीच क्षमा मागतो, तशी ही. ती काही कबुली होत नाही.” आमचा भरतेशही हट्टाला पेटला. “अप्पा, एवढं म्हणा की. गाळा वाचतोय.”

ह्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “आवं वकीलसाहेब, ही नुसती रीत म्हटली, तर आजवर मी मागितलेल्या समद्या क्षमा खोट्याच की वो. हे न्हाई जमायचं.”

कोर्टात तू नव्हतीस, मी होते. जजसाहेबांनी विचारलं, पत्र तुमचं का? हे उभे राहिले, टोपी नीट केली. “व्हय, माझंच हाय. आन् खरं हाय.” लेखी कबुली समोर आहे, आता साक्षीपुरावे कशाला, असं म्हणून साहेबांनी तेवढ्यावरच निकाल दिला. गाळा निम्मा निम्मा. लोक म्हणतात, जवाहर पाटील हरला. म्हणू देत. लग्नाच्या मांडवात मिरवले नसेन तेवढी मी त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मिरवले.

भरतेश अजून धड बोलत नाही. येईल वळणावर. गाळ्यात मधे भिंत घालायला गवंडी सांगितलाय. रस्त्याकडचा भाग दाजींना ठेवलाय. ह्यांनीच सांगितलं, “आकारामला अंधारात बसवत न्हाई.”

एक गोष्ट लिहू की नको, असं झालंय. निकाल लागल्यापासून फोन वाजला की हे आधी नाव बघतात, हवं ते नसलं की तसाच वाजू देतात. विचारलं तर म्हणतात, हळदीचा दर आला का बघत होतो. एवढं एकच खोटं ते अजून बोलतात.

आक्का, त्या पत्रात गोष्टी दोन होत्या. गाळा दोघांचा, यावर कोर्टाने निकाल दिला. क्षमा कर, हे कोर्टाच्या हातातलं नव्हतं. ते दाजींकडे तसंच पडून आहे.

वर्षभर मी दाजींना मनातून काय काय बोलले, त्याची क्षमा आज मागते. ह्यांच्यासाठी मात्र मागणार नाही. ह्यांनी ती स्वतः मागितली आहे, लेखी, आणि भर कोर्टात आपली म्हणून सांगितली आहे.

दाजींना हे वाचून दाखव.

जवाहर पाटलांची बायको म्हणून ताठ मानेने,
तुझी गुणमाला