सुतळीची टीप

बुधवार, संध्याकाळ

काल माझ्या लेकीनं, राणूनं, चित्रांच्या पुस्तकातलं पान फाडलं. आई अस्वल एकीकडं, पिल्लू दुसरीकडं. मी तिला लय बोलले. एवढं का बोलले?

आज पाथरीहून नोकरीवरून आले, तर सासऱ्यांनी ते पान दाभणानं शिवून ठेवलेलं. हयातभर मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती शिवलेले हात! एवढ्या नाजूक चित्रावर सुतळीची टीप. हसूच आलं.

"मामा, चिकटपट्टी होती की घरात."

"ती निघती. पोरगी दिवसभर रडायली होती."

राणू सुतळीवरून बोट फिरवत म्हणाली, "आता पिल्लाची आई कुठं जायची न्हाई."

उद्या पाथरीला जायला सकाळी सातची जीप आहेच. पण माझ्यामागं घरात सुतळी घेऊन बसणारं माणूस आहे.