जुनिपरच्या ट्रेलरला लावलेल्या गाद्या

बिग टिंबर, मॉन्टाना
२१ ऑक्टोबर

तीर्थरूप सोल्वेगताईस,

अर्विडचा (गुडघ्यांमुळे उभ्यानेच) नमस्कार. तुझा खुबा कसा आहे? जिना चढतेस, की अजून स्वयंपाकघरातच झोपतेस? इकडे बर्निसचा खोकला गेला. बोलणं आहे तसंच आहे.

तुझं कार्ड पोचलं. ‘घोडी तीन आठवड्यांपूर्वी येणार होती. बर्फाने खिंड बंद झाल्यावर विमानाने पाठवणार आहेस का?’ एवढंच लिहिलंस, ताई, खाली साधं ‘कळावे’सुद्धा नाही! ऑगस्टमध्ये तुझ्या ओट्याशी बसून ठरलं ते मला आठवतं. डॉक्टरांनी मला गवताचे गठ्ठे उचलायला बंदी केली आहे, जुनिपरला सव्विसावं सरलं आहे, तुझ्याकडे कुरण आहे, गडी आहे, तेव्हा घोडी तुझ्याकडे. मी मान डोलावली होती. पण तिचा डावा डोळा गेल्यापासून तिला गाडीमागच्या ट्रेलरची डावी भिंत दिसत नाही. प्रत्येक वळणावर तिचा पुठ्ठा पत्र्यावर आपटतो आणि तुझ्या घरापर्यंत वळणं आहेत एकशे बारा (मी मोजली आहेत). म्हणून ट्रेलरला आतून गाद्या लावायला घेतल्या, आणि तिथून माझे ग्रह फिरले.

आधी तंबूत अंथरायच्या जुन्या गाद्यांचा फोम डिंकाने चिकटवला. रात्री पाणी गोठलं, डिंक वाळलाच नाही, आणि सकाळी सगळा फोम जमिनीवर. ते पिवळे तुकडे पाहून मला पाचवीत मिस हागेनने पाठ करून घेतलेली पानगळीची कविता आठवली. (पहिल्या बाकावर बसून मी ती म्हटली तेव्हा बाईंनी रुमाल काढला होता. तू म्हणतेस त्यांना सर्दी होती. असो.) दुसरं कडवं म्हणेपर्यंत जुनिपरने दारातून मान घालून बराचसा शिशिर खाऊन टाकला.

मग फळ्या ठोकल्या, त्यावर चार बोटं फोम, वरून जाड रेक्झिन, दोन्ही बाजूंना. शेजारचा डेल्मर येऊन बोट खुपसून गेला. म्हणाला, “अर्विड, भिंती एवढ्या फुगवल्यास, आता घोडीला काय घडी घालून ठेवणार?” मी मापं घेतली होती, पण गादीची जाडी धरायची राहिली होती. उजवीकडचं सगळं उपटलं. बर्निस खिडकीतून बघत होती. “एकोणपन्नास वर्षं झाली लग्नाला,” ती म्हणाली, “माझ्या खुर्चीला कधी एक उशी लावली नाहीस!”

तरी खात्री हवी. घोडी बोलून सांगत नाही, म्हणून तिच्या जागी मी उभा राहिलो, डावा डोळा मिटून. बर्निसला सांगितलं, गाडी हळू चालव, गुरं अडवायला रस्त्यात गज पुरलेत त्यांच्यावरून एकदा ने आणि परत आण. ती गजांवरून गेली ती थेट गावात, दाण्याच्या दुकानापाशी थांबली, आणि मी मागे आहे हे विसरून (म्हणे) पाऊण तास गप्पा मारत बसली. दाराला आतून कडी नसते, ताई. वेळ जावा म्हणून मी वादळात सापडलेल्या जहाजाची कविता मोठ्याने सुरू केली, तर बाहेर माणसं जमली. डेल्मरही तिथेच! त्याने झडपेतून डोकावून पाहिलं, खिशातून गाजर काढून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, “शहाणी गं माझी, घाबरायचं नाही.”

आता अख्खा गाव मला गाजर दाखवतो.

तर सांगायचं ते हे की काम अजून पुरं नाही. छातीपुढच्या दांड्याला अस्तर हवं, एक शिवण उसवल्यासारखी वाटते, शिवाय घोडी आत पाय ठेवायला तयार नाही. घाईत जनावराला इजा झाली तर तूच मला बोलशील. खिंड बंद झाली तर वसंतात बघू. खुब्याला जप.

तुझा धाकटा भाऊ,
अर्विड

ता. क. बर्निसने हे वाचलं आणि म्हणते, खरं लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवू देणार नाही. तर, गाद्या दोन आठवड्यांपूर्वीच पुऱ्या झाल्या. परवा रविवारी जुनिपर कोणी न बोलावता आपणहून आत गेली, डावा पुठ्ठा गादीला टेकवला आणि झोपली. मी दार लावायला गेलो. तासभर कडी हातात धरून उभा होतो. मग तिला बाहेर काढलं.

पुन्हा ता. क. तुझ्या गड्याला घेऊन पुढच्या आठवड्यात गुरुवारी तूच ये. दहा वाजता ये, तेव्हा मी दातांच्या डॉक्टरकडे असेन. माझे सगळे दात काढून सात वर्षं झाली हे तुला माहीत आहे, पण डॉक्टर भला माणूस आहे, नुसतं बसू देतो.