पाहिलेलं डावीकडे

प्रिय धाकटे,

पाकिटावरचे कोंबडीचे पाय बघून पत्र कोणाचं ते ओळखलंच असशील. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच. चौथीत शाळा सुटल्यापासून मी एका बैठकीत चार ओळींच्या वर कधी लिहिलेलं नाही, आणि हे लिहायला बसून आज तिसरा दिवस आहे. तेव्हा चुका काढू नकोस. तुझं दहावीचं शहाणपण घटकाभर बाजूला ठेव.

सात महिने झाले तू माझ्याशी बोलत नाहीस. फोन लावला तर वाजून वाजून बंद पडतो. आपल्या ड्युटीच्या ग्रुपमधून तू गेलीस तशी माझ्या घरातूनही गेलीस. मी चार व्हॉइस मेसेज पाठवले, तीन रागाचे आणि एक रडून. एकाचंही उत्तर नाही. मी म्हटलं, बसू दे फुगून. पण आता मला माझी बहीण परत हवी आहे, आणि हवं ते मागायला मी कधी लाजलेली नाही, हे तुला ठाऊक आहे.

आधी बातमी सांगते. मी शिकायला जाते. हसू नकोस, तुझे भाऊजी हसून झालेत. एका संशोधन करणाऱ्या संस्थेला आपल्यासारख्या बायका हव्या होत्या, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या. आपली ड्युटी कशी ठरते, कोण कोणाच्या बदली जातं, हे सगळं आता फोनवरच चालतं ना, त्याचा त्यांना अभ्यास करायचा आहे. त्यांची माणसं ग्रुपमध्ये शिरली की सगळ्या बायका मुक्या होतात, म्हणून आमच्यातलीच एक शिकवून तयार करायची असं त्यांनी ठरवलं. ग्रुप मी चालवते, म्हणून मला बोलावलं. या विद्येचं नाव डिजिटल एथ्नोग्राफी. तीन दिवस ते माझ्या तोंडात बसत नव्हतं. म्हणजे काय, तर लोक फोनवर कसे जगतात ते त्यांच्यातच राहून बघायचं आणि जसंच्या तसं लिहायचं. मी म्हटलं, हे तर आमच्या जिन्यातल्या बायका फुकट करतात.

पण ते तसं नसतं. आठवड्यातले दोन दिवस वर्गात आणि बाकीचे आपल्या नेहमीच्या कामात, डोळे उघडे ठेवून. वर्ग म्हणजे दोन लांब टेबलं, बारा खुर्च्या आणि एक पंखा, तो फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या थोरल्या लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या असतील. आवाज बारीक, पण हटवादी बाई. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या वह्यांच्या पानांवर मधोमध उभी रेघ मारायला लावली. डावीकडे पाहिलेलं, उजवीकडे त्यावरून आपल्याला काय वाटलं ते. एवढंच. मला वाटलं, यात शिकायचं काय? तासाभरात कळलं, काय ते.

पहिला अभ्यास होता, घरातल्या एका माणसाशेजारी बसून तो फोन कसा वापरतो ते लिहायचा. मी तुझ्या भाऊजींना पकडलं. त्यांनी तासाभरात एकतीस वेळा फोन उघडला आणि काही न करता बंद केला. मी डावीकडे एका शब्दात लिहिलं, रिकामटेकडा. मॅडमनी त्याभोवती गोल काढला आणि विचारलं, "ताई, हे तुम्ही पाहिलंत की ठरवलंत?" मी म्हटलं, एकवीस वर्षं पाहतेय. वर्ग हसला, त्याही हसल्या, पण खोडायला लावलंच. मग डावीकडे नुसतं एकतीस वेळा असं लिहिलं. घरी येऊन पुन्हा शेजारी बसले, या वेळी तोंड शिवून. तेव्हा दिसलं की ते दर वेळी तीच जागा उघडतात, आपल्या थोरलीने पाठवलेला शेवटचा निरोप. ती लग्न होऊन गेली त्याला दीड वर्ष झालं. मी कधी विचारलंच नव्हतं. धाकटे, त्या दिवशी ते कपबशी विसळायला उठले तर मी त्यांना बसा म्हणाले, मी विसळते. ते घाबरले. त्यांना वाटलं मला ताप आला.

दुसरा नियम परवानगीचा. ज्याचं बोलणं वहीत घ्यायचं त्याला आधी विचारायचं, कशासाठी ते सांगायचं, आणि तो उद्या नको म्हणाला तर पान काढून टाकायचं. नाव कुठेही लिहायचं नाही, प्रत्येकीला नंबर. मी एकेचाळीस जणींना विचारत फिरले. कोणी ड्युटीवरून सुटताना, कोणी बसथांब्यावर, एक तर दवाखान्याच्या रांगेत. एकोणचाळीस हो म्हणाल्या. दोघी नको म्हणाल्या. त्यातल्या एकीशी मी तिच्या दारात भांडले, की तुला असं काय सोनं लागलंय. मॅडमना कळलं तेव्हा त्या मला तिच्याकडे परत घेऊन गेल्या आणि माझ्याकडून माफी मागून घेतली. या वयात. मी मागितली. पाय मोडला नाही.

आता जरा आईचं सांगू दे, मध्येच आठवलं. आठवतं ना, आई चाळिशीलाच ठार बहिरी झाली होती. आपण सगळे हसायचो आणि काही न कळता तीही आपल्याबरोबर हसायची, मान डोलवायची. मी जास्त हसायचे. तिच्या पाठीमागे उभी राहून काहीबाही बोलायचे आणि तिने वळून बघितलं नाही की टाळी द्यायचे. तू मात्र तिच्या गुडघ्यावर दोन बोटं टकटक करायचीस, ती वळली की मग बोलायचीस. सहा-सात वर्षांची असशील. तुला कोणी शिकवलं नव्हतं. मला कोणी शिकवलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

तर मागच्या आठवड्यातला अभ्यास. ग्रुपमधला एक जुना तंटा निवडायचा आणि त्याच्या मागचे तीन महिने, एकेक निरोप, फक्त डावी बाजू लिहायची. उजवी कोरी. मी आपलाच तंटा घेतला. मला खात्री होती की मीच खरी ठरेन आणि त्याला संस्थेचा शिक्का मिळेल. खरं सांगते, याचसाठी घेतला. तुला नंबर दिला सतरा. त्या अर्धांगाच्या आजींची सकाळची ड्युटी आठाऐवजी सातला लावली, ते मी आदल्या दिवशी ग्रुपवर बोलून पाठवलं होतं. ऐकल्याची निळी खूण तुझ्या नावापुढे आली होती. तरी तू आठाला उगवलीस. ड्युटी संपलेली बाई तासभर तुझी वाट बघत अडकली, तिचं पोर घरी शाळेसाठी तयार होऊन बसलेलं. मग मी जे बोलले ते तुला तोंडपाठ असेल. ग्रुपवर, सगळ्यांसमोर. कान फुटलेत का तुझे, असं. अकरा जणींनी हसरे चेहरे टाकले. मी तेही डावीकडे लिहिलं, अकरा. नऊ वाजून वीस मिनिटांनी सतरा नंबर ग्रुप सोडून गेली.

मग मागचं लिहायला घेतलं. तीन महिन्यांत मी बोलून पाठवलेले निरोप, तुझ्यासाठीचे, चौदा. त्यावर तुझं हो-नाही, शून्य. चौदाच्या चौदा उघडल्याची खूण, काही दोन-दोन दिवसांनी. दुसऱ्या बायकांनी लिहून पाठवलेले, नऊ. तुझं उत्तर नऊच्या नऊला, बहुतेक पाच मिनिटांच्या आत. दोनदा तू मला लिहिलंयस, ताई लिहून पाठव ना. मी दोन्ही वेळा बोलूनच कळवलंय की मला वेळ नाही, कान दे. पुढचं ग्रुपमधलं नाही, पण आठवलं तसं लिहिलं. तुझी आताची नोकरी चादरी धुण्याच्या कारखान्यात. एवढा चांगला हात आणि हे काम का धरलंस, म्हणून मी चारचौघांत तुला नावं ठेवली होती. तिथे यंत्रांच्या आवाजात कोणालाच काही ऐकू येत नाही, सगळ्या बायका हातवारे करून बोलतात.

पेन खाली ठेवलं मी. मॅडम शेजारी आल्या तर मी पानावर हात आडवा ठेवला. त्यांनी पान बघायचा हट्ट केला नाही. इतकंच विचारलं, "सतरा नंबरला विचारलंय?" विचारलं नव्हतं. तू ग्रुपमध्ये नव्हतीस, म्हणून तू राहून गेलीस. एकेचाळीस जणींच्या दारी गेले आणि माझ्या पाठच्या बहिणीला विचारायचं सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ग्रुपवर मी परवापासून नियम केलाय. ड्युटीची वेळ बोलून सांगितली तरी लिहायचीच. कारण सांगितलं की पेशंट झोपलेला असताना फोन वाजवता येत नाही. सगळ्यांनी मानलं. सगळ्यात जास्त कुरकुर कोणी केली असेल तर मी, कारण लिहायला मलाच जास्त वेळ लागतो. आता माझी बोटं जरा वळायला लागली आहेत. या पत्रावरून दिसतच असेल.

आता पत्राचं कारण. सोमवारी वही संस्थेत द्यायची आहे. तुझं पान मी वहीतून सोडवून याच्यासोबत पाठवते. मी त्याची नक्कल ठेवलेली नाही, कोणाला दाखवलेलं नाही, तुझ्या भाऊजींनाही नाही. डावीकडे मी पाहिलेलं आहे. उजवीकडे माझ्या मनात एकच वाक्य आहे, तुला ऐकू येत नाही आणि ऐकू न येणाऱ्या बाईला पेशंटजवळ कोणी ठेवत नाही म्हणून तू ते लपवलंस, आणि माझ्यापासून लपवलंस कारण आईला मी कशी हसायचे ते तू पाहिलं होतंस. पण ते मी पाहिलेलं नाही, ठरवलेलं आहे, आणि माझं ठरवलेलं किती चुकतं ते तुला माझ्याहून चांगलं माहीत. म्हणून ते मी पानावर लिहिलं नाही. डॉक्टरकडे नेते, यंत्र बसवते, असंही लिहिणार होते. खोडलं. तेही तुझ्या वतीने मीच ठरवल्यासारखं होतं. चौथा मेसेज माफीचा होता, तो तुला ऐकू आला नसेल तर इथे लिहून देते, माझं चुकलं. पान तुझं आहे. ठेव, फाड, नाहीतर हो लिहून परत पाठव. वही एका पानाने बारीक झाली तर संस्थेचं काही बिघडत नाही. पण उजवी बाजू मी कोरी सोडली आहे, ती तू भर. तुझ्या अक्षरात, तुला वाटेल तेवढी. येत्या रविवारी दुपारी मी तुझ्याकडे येते आहे. बेल वाजवणार नाही. दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवेन आणि जिन्यात बसेन. दार उघडलंस तर तोंडाआधी दोन बोटं पुढे करीन.

तुझीच,
तोंडाळ ताई