उजवा हात माझा

४ फेब्रुवारी
चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.
ह्यांना दवाखान्यातून घरी आणून आज तीन आठवडे झाले. उजवं अंग अजून लुळंच आहे. बोलणंही परत आलेलं नाही; काही सांगायला गेले की नुसता ‘अं’ निघतो आणि मग स्वतःवरच चिडतात. पण परवा गंमत झाली. धूळ पुसायला म्हणून गिटार खुंटीवरून काढली आणि क्षणभर ह्यांच्या मांडीवर टेकवली, तर डावा हात आपसूक तारांवर गेला आणि बोटं जागच्या जागी बसली! उजवा हात चालत नाही, म्हणून मी शेजारी बसून तारांवर अंगठा फिरवला. अगं, अख्खा सूर निघाला. दोघंही रडलो.

तीस वर्षं ‘ती टुणटुण बंद करा’ म्हणून ओरडणारी मी आता छप्पन्नाव्या वर्षी स्ट्रमिंग, म्हणजे ठेक्यात तारा छेडणं, शिकतेय. हसू नकोस. त्यांचं ते खिडकीत बसून वाजवायचं गाणं आहे ना, त्याचा पॅटर्न असा: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. जन्म शिलाई मशीनवर गेला, पाय कधी चुकला नाही. हात मात्र मधेच अडतो आणि मुसळ केरात. मग हे आपले डोळे मिटून घेतात. तुला लहानपणी शिकवायचे तेव्हा काय सांगायचे, ते आठवून कळव. तुझ्या सासूबाईंना नमस्कार.
तुझी,
वहिनी

१५ फेब्रुवारी
ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.
पत्र वाचून आधी हसले, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. अंधारातही सरळ शिलाई मारणारी माझी वहिनी एका ‘वर’पाशी अडते म्हणजे कमालच! दादाचं ते डोळे मिटणं मला चांगलं ठाऊक आहे. मी महिनाभरात गिटार सोडली ती त्यालाच भिऊन.

तू नेमकी माझीच चूक करतेयस. जिथे तार वाजवायची नाही तिथे तू हात थांबवतेस. दादा म्हणायचा, तार लागो न लागो, हात खालीवर चालूच ठेवायचा. रिकामा गेलेला फटकाही मोजायचा. इस्त्रीच्या टेबलावर सराव कर.

सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यामुळे माझा पाय निघत नाही, पण जीव तिकडेच आहे. दादाला विचार, जास्त ढ कोण, मी की वहिनी?
माया आहे ती वाढवावी.
धाकटी

२ जून
चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.
जमलं गं! इस्त्रीच्या टेबलावर, बसच्या दांड्यावर, झोपताना उशीवर हात हलवून हलवून एकदाचं जमलं. गाणं आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत जातं. शेजारी जिन्यात थांबून ऐकतात. तुझा प्रश्न विचारला, तर ह्यांनी सरळ तुझ्या फोटोकडे बोट दाखवलं!

एक मात्र खटकतं. तिसऱ्या कॉर्डला, बोटांची मांडणी बदलते तिथे, ह्यांचं बोट उशिरा पोचतं, आणि दिवसेंदिवस जास्तच. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका येऊ शकतो. त्या जागी मी हात रिकामा फिरवते, एकदा, कधी दोनदा, बोट पोचेपर्यंत. मी वाट बघतेय हे त्यांना कळू देत नाही.

नव्या तारा आणायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, डावा हातही शिकून घ्या, एकटीला वाजवता येईल. मी नको म्हटलं. तोही मी घेतला तर ह्यांच्या वाटणीचं काय उरलं? तीस वर्षांत बोललो नाही एवढं आम्ही हल्ली रोज संध्याकाळी बोलतो, धाकटे. भीती वाटते.
तुझी,
वहिनी

२० ऑगस्ट
ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.
सवयीने ‘सौ.’ लिहून गेले, म्हणून ते पान फाडून दुसरं घेतलं. दादाला जाऊन आज महिना झाला. तुला एकटीला टाकून मला चार दिवसांत परतावं लागलं, ते मनाला खातंय.

निघताना पाहिलं, गिटार पुन्हा खुंटीवर होती. सोबत एक तक्ता पाठवतेय. कुठलं बोट कुठल्या तारेवर, ते दादाने मी शाळेत असताना काढून दिलं होतं. दुकानदार बरोबर म्हणाला होता. आता तरी शिकून घे ना गं. नाहीतर ते गाणं त्याच्याबरोबरच जाईल.
आहेस ना गं मला तू? आहेस हे कळवत राहा.
धाकटी

३ सप्टेंबर
चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.
तक्ता मिळाला. पेन्सिलीतलं त्यांचं अक्षर बघून दिवसभर काही शिवलं नाही.

काल गिटार काढली. तक्ता समोर ठेवून पहिलं बोट टेकवलं आणि लगेच उचललं. ती जागा त्यांची आहे गं, मला तिथे बसवत नाही. मग डावा तळहात तारांवर नुसता ठेवला आणि उजव्या हाताने सुरू केलं. सूर नाही, नुसता खसखस आवाज. तिसऱ्या कॉर्डची जागा आली तसा हात आपोआप रिकामा फिरला, बोट पोचायची वाट बघत. एकदा. दोनदा. मग कितीतरी वेळ फिरतच राहिला. खूप रडले, पण हात थांबवला नाही.

तक्ता मशीनच्या खणात ठेवलाय. शिकेन कधीतरी, इतक्यात नको. तुलाही हल्ली काय लिहावं ते सुचत नसेल, मला कळतं. नाही सुचलं तरी पत्र टाकत राहा. कोरं आलं तरी चालेल.
लोभ आहेच.
तुझी,
वहिनी