कासवाचा शेवटचा ‘च’

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, व्यवसाय ध्वनिसंकलन (आता निवृत्त), हे मृत्युपत्र राजीखुशीने, माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल विचारलं तर ते म्हणाले, लिहायचं ते लांबवू नका. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

‘माझे दिवंगत पती’ असं प्रत्येक ठिकाणी लिहा, असं वकीलबाई सांगतात. एकदा लिहिलं. यापुढे ‘तो’.

१. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या, आतल्या सामानासह, आणि बँकेत जे काही उरेल ते माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावं. स्वयंपाकघराची खिडकी थोडी उचलून मगच लावायची असते. बापाची खुर्ची विकू नये. तिचा एक पाय मी दोनदा चिकटवला आहे, तसंही कोणी घेणार नाही.

२. लाकडी कपाट माझ्या नणंदेला. तो गेला तेव्हा ती चार माणसांत म्हणाली, “हिनेच माझ्या भावाला मरेपर्यंत राबवलं.” एकतीस वर्षं मी तिच्याशी धड बोलले नाही. तरी कपाट का देते, ते कलम सहामध्ये कळेल.

३. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: ‘उशीरराव’ ही विनोदी चित्रमालिका होती. पत्रं वाटणारं एक कासव. दर भागात उशिरा पोचायचं, दार वाजवून “आलोच, आलोच” म्हणायचं, आणि तोवर पत्रातली बातमी शिळी झालेली असायची. कासवाचा आवाज त्याचा. तो आवाज कापून, जोडून चित्रावर बसवायचं काम माझं.

त्याला खोकला सुरू झाला, तेव्हा मी एकेक खोकला पात्याने टेपमधून काढत असे. एकोणिसाव्या भागात एक राहून गेला. चूक सर्वस्वी माझी. कासवाला खोकला किती शोभतो म्हणून प्रेक्षकांची पोतंभर पत्रं आली. वाहिनीचे कार्यक्रम प्रमुख, ज्यांना आम्ही पाठीमागे ‘वेळापत्रक’ म्हणायचो, आमच्या खोलीत आले. मी त्यांना सांगितलं, त्याला बरं नाही, दोन महिने सुट्टी द्या. ते म्हणाले, “खोकला ठेवा. आता तो कासवाचा आहे.”

पुढे प्रत्येक भागात किमान तीन खोकले हवेत असा निरोप आला. बरं वाटत असलं त्या दिवशीही तो मुद्दाम खोकायचा. तेव्हापासून मी कापलेले जास्तीचे खोकले फेकायचं थांबवलं आणि एका टेपवर जोडत गेले. हेतू एवढाच की, पुढे लागले तर त्याला खोकावं लागू नये. त्रेसष्ट जमले. त्रेचाळिसाव्या भागानंतर तो गेला.

४. माझं स्टॉपवॉच चाहत्यांच्या ‘उशीरराव मंडळा’च्या सरांना. सर शाळेत भूमिती शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी कासवाचे खोकले मोजतात. मंडळाचं दर वर्षी संमेलन होतं, आणि शेवटी सगळे उभे राहून एकदम खोकतात. मी एकदाच गेले होते, दाराजवळ बसले होते. दोनशे निरोगी माणसं खोकली. मी चपला हातात घेऊन बाहेर आले.

सर, तुमच्या मंडळाने वाहिनीच्या एकेका निर्णयावरून पराचा कावळा केला आहे, म्हणून उत्तरं लिहून ठेवते. मालिका रविवार संध्याकाळवरून गुरुवार दुपारवर गेली, कारण रविवारी कुस्त्या दाखवायच्या होत्या. एकतिसावा भाग तिसाव्याच्या आधी लागला, कारण डब्यावरची चिठ्ठी गळून पडली होती. शेवटचे चार भाग, ज्यांना तुम्ही ‘मौनपर्व’ म्हणता आणि ज्यावर तुम्ही व्याख्यान देता, त्यात कासव फारसं बोलत नाही, कारण बोलणारा मेला होता. चित्रं तयार होती. बातमी बाहेर जाऊ न देता ते भाग मी त्या त्रेसष्ट खोकल्यांतून जोडले. नाही म्हणता आलं असतं. पण काम चालू असेपर्यंत घरी जावं लागत नव्हतं.

तुमच्या वहीत तेहतिसाव्या भागात चौदा खोकले लिहिले आहेत. पंधरा आहेत. एक दाराच्या आवाजाखाली दबला आहे. मंडळाने खोकणं थांबवावं अशी अट घालत नाही, विनंती करते.

५. वाहिनीला काहीही नाही. गेल्या महिन्यात त्यांचं पत्र आलं: जुने खोकले आणि शब्द द्या, त्यावरून यंत्र त्याचा आवाज तयार करेल, कासव पुन्हा सुरू होईल. शिळ्या कढीला ऊत आणायचा, तोही मेलेल्या माणसाच्या घशातून. मुलगा ते पत्र घेऊन माझ्यासमोर बसला. म्हणाला, “आई, मला बाबांचा आवाज आठवतच नाही. मला कासवच आठवतं. निदान काहीतरी नवीन ऐकू येईल.” बाप गेला तेव्हा तो चार वर्षांचा होता. मी पत्राची घडी घातली. खोकल्यांची टेप मी काल पुसली.

६. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, रिकाम्या डब्यांच्या मागे, एक राखी पेटी आहे. तीत त्याच्या शेवटच्या ध्वनिमुद्रणाची टेप, ती वाजवायचं यंत्र आणि माझे हेडफोन आहेत. ही पेटी फक्त मुलाला.

वाहिनी जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरायची. दाखवलेल्या भागांत त्याच्या शब्दांखाली संगीत मिसळलेलं होतं. त्यामुळे शेवटच्या भागासाठी माझ्याकडे एकच “आलोच” उरलं होतं, या टेपवरचं. त्याच्या ‘च’वर दुसरा एक आवाज चढला आहे. तो काढायचा तर ‘च’ही जात होता. म्हणून कासव “आलो” म्हणून थांबतं. ते तिथे का थांबतं याचे मंडळाने अकरा तर्क केले, त्यांतला एकही जवळपास आलेला नाही.

तो दुसरा आवाज माझा आहे. पुढचं तुला लिहिते, बाळा. मी म्हणते आहे, “अजून एकदा.” वेळापत्रक त्या दिवशी इमारतीतही नव्हतं. झालेलं चांगलं होतं, मला आणखी चांगलं हवं होतं. त्यावर तो कासवाच्या नाही, स्वतःच्या आवाजात म्हणतो, “बास गं आता. पिल्लू वाट बघत असेल. घरी जाऊ.” पिल्लू म्हणजे तू. मग पुन्हा माझे तेच दोन शब्द, मग खुर्ची पडते. तिथे टेप थांबव. तिथून त्याला दवाखान्यात नेलं, घरी तो आलाच नाही.

तुझ्या बापाचा आवाज एकतीस वर्षं याच घरात होता. त्यात माझाही आवाज आहे, म्हणून मी तुला तो ऐकू दिला नाही. माफ कर. आत्याला ऐकवायचं की नाही ते तू ठरव. ती खरं बोलली होती.

वरील सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

ठिकाण: राहतं घर, बाहेरची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२३
लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. डॉक्टर, समोरची इमारत (सही)
२. शिंपी, तळमजल्यावरचं दुकान (सही)

खुलासा: माझी सही शेवटी फिकट उमटली आहे. वकीलबाई म्हणाल्या, अजून एकदा करा. मी नाही म्हटलं. आहे तीच सही खरी धरावी.